मुनीर मियाँचा पुतण्या

"प्ल्यूरल इफ्यूजन," डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. फुप्फुसाच्या वेष्टनात पाणी साचलं आहे, बहुतेक क्षयामुळे. बरगड्यांमधून जाड सुई घालून ते काढावं लागेल. त्याला टॅपिंग म्हणतात.

मुनीर मियाँ धापा टाकत हसले. "उम्र भर पीठ पर पानी ढोया, डाक्टर साब. अब सीने में भर लिया."

ते नवाबी काळातले भिश्ती. पाठीवरच्या कातडी मशकीनं बागांना पाणी घालत. आता भोपाळच्या सरकारी मोहताजखान्यात राहत. मी तिथला कारकून; त्यांना रुग्णालयात मीच आणलं होतं. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर माझीही बदली इकडे झाली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडील काटोलच्या शाळेत शिपाई होते. माझ्या नेमणुकीचा कागद त्यांनी देवघरात ठेवला होता.

मोहताजखान्याचा इतिहास मला जुन्या नोंदवह्यांतून कळला. निराधार म्हाताऱ्या पुरुषांसाठी नवाबांच्या काळात तो सुरू झाला. संस्थान विलीन झालं तेव्हा पाटी बदलली, नवं राज्य आलं तेव्हा पुन्हा बदलली. खाटा त्याच राहिल्या आणि एक रिवाजही राहिला. दरवर्षी थंडी सरताना हजेरी व्हायची. प्रत्येक म्हातारा अधीक्षकांसमोर उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, "मेरा कोई नहीं." मग वहीत अंगठा. ज्याचं कुणी निघालं, त्याची खाट गेली.

टॅपिंगच्या संमतीसाठी नातेवाइकाची सही हवी होती. नातेवाईक नसेल तर अधीक्षकांची. ते इंदूरला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "हे उद्यापर्यंत थांबतील असं मला वाटत नाही."

मी सही केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं: भतीजा. सिस्टरनं दोन्ही नावं वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद फायलीत ठेवला.

सुई घालताना मुनीर मियाँ टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणवे बसले होते. मी त्यांचे खांदे धरले होते. पिवळसर पाणी बाटलीत उतरत गेलं, तसा त्यांचा श्वास मोकळा होत गेला. पुढे कित्येक आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं चालली. क्षयावरचं ते तेव्हाचं नवं औषध. कचेरी सुटली की मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचो. तिथे बसून वेळ जात नाही, हे ज्यांनी अनुभवलं असेल त्यांना सांगायला नको.

"आ गए भतीजे? चाचा के लिए बीड़ी नहीं लाए?"

"खाँसी भूल गए, चाचा?"

"अरे, खाँसी तो बीड़ी की याद में आती है!"

ते बरे झाले. रुग्णालयाचा कागद मोहताजखान्यात आला, तो माझ्याच टेबलावर. आनंदात मी त्याची आवक नोंद केली आणि न वाचताच आत पाठवला. त्यावर लिहिलं होतं: मरीज़ भतीजे के सुपुर्द.

अधीक्षकांनी मला आत बोलावलं. "नाम काट दीजिए, बाबू. इनका तो घर है."

मुनीर मियाँ बोचकं घेऊन दारात उभे होते. "भतीजा दिया, खाट ले ली," ते म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

मी एका खोलीत दोन सहकाऱ्यांबरोबर राहत होतो. त्यांना कुठे नेणार? मी लेखी कबूल केलं की नातं खोटं लिहिलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. अधीक्षक भले होते, समज देऊन त्यांनी प्रकरण मिटवलं. पण हजेरी पुन्हा घ्यावी लागेल म्हणाले, आणि माझ्यासमोर.

आधी मी म्हणालो, "मेरा इनसे कोई रिश्ता नहीं."

मग मुनीर मियाँ म्हणाले, "मेरा कोई नहीं."

आवाज खणखणीत होता. कुठे धाप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी फुप्फुस किती चांगलं दुरुस्त केलं होतं, ते मला त्या वाक्यात ऐकू आलं.

त्यानंतर मी त्यांच्या खाटेशेजारी बसायला गेलो, तर ते हळूच म्हणाले, "पास मत बैठा कीजिए, बाबूजी. लोग देखते हैं." भतीजा हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

ते आणखी दोन हिवाळे जगले. त्यासाठी त्या डॉक्टरांचा, सिस्टरचा आणि अधीक्षकांचा मी ऋणी आहे. निराधार माणसाला घेऊन तुम्ही कधी रुग्णालयात गेलात, तर जीव वाचवायला सही जरूर करा. मीही पुन्हा करीन. फक्त तो शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारा, आणि बाहेर पडताना हाती येणारा कागद नीट वाचा. मला वाटायचं, एकट्या माणसाला नातं देणं हे चांगलंच काम असतं.

शेवटची नोंद मीच केली. वारस: कोणी नाही. अक्षर माझंच आहे. त्या दिवशी ते चांगलं आलेलं नाही.