उपरण्याखालचा हात

देवी येऊन माझे डोळे गेले, तेव्हापासून मी अंबादेवीचं नाव घेणं सोडलं होतं. ओठांनी सोडलं होतं. बोटं मात्र सवयीनं पेरांवर फिरतच असत. त्या वर्षी साता समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा झाला होता. अकोटकडच्या आमच्या गावात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. सगळा गाव कामाच्या घाईत, आणि मी धडधाकट हातापायांचा गडी ओसरीवर माशा मारत बसलेला. रिकाम्या माणसाला घरचा घासही कडू लागतो.

एके दिवशी माझ्या थोरल्या भावानं, दादानं, मला कापसाच्या गाडीत बसवलं. अमरावती जवळ आल्यावर तो बोलला, "तुले अंबादेवीच्या पायऱ्यांवर बसवून देतो. लोकं भरभरून देऊन राहिले तिथं. घरी कुढत बसन्यापक्षा बरं नाई काय?" दादावर मला राग आला नाही. राग आला तो तिच्यावर. अख्ख्या मुलखाला काम दिलंस, आणि मलाच तेवढं हात पसरायला बसवतेस?

बाजारात गाडी सोडून दादा बैलांना पाणी पाजायला गेला. सौदा झाला की मंदिरात जायचं ठरलं होतं. वारा गार होता. मी गाडीला टेकून बसलो, हात मांडीवर आणि त्यांवर उपरणं. बोटं पेरांवर फिरू लागली. डोळे मी मागितलेच नाहीत. म्हटलं, आई, काम दे, नाहीतर या बोटांवरूनही तुझं नाव पुसून टाक.

आता कापसाच्या बाजारात भाव कुणी तोंडानं बोलत नाही. कपड्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबून सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. तेव्हा भरल्या गाडीपाशी उपरण्याखाली हात घेऊन बसलेल्या माणसाला बघून कुणालाही वाटणार काय? एक खरखरीत, ऊबदार हात माझ्या हातात आला. मी दचकलो. खरं सांगतो, क्षणभर मला ती स्वतःच आली असं वाटलं, आणि अंगावर काटा उभा राहिला. मग त्या हातानं माझी बोटं दाबली, तेव्हा उमगलं की हा भाव सांगतोय. डोळे होते तेव्हा मीही हे पुष्कळदा केलं होतं. मी नकार दिला. त्यानं भाव चढवला. मी अडून राहिलो. मग तो हात एकाएकी थांबला.

"दिसत नाई काय तुमाले?"

"नाई."

तो लोकांकडं वळला. सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "आइका रे बाप्पा. दलाल हात शेतकऱ्याचा धरते अन् डोळा व्यापाऱ्याले मारते. हा मानूस कोनाले डोळा मारन? याच्या हातून सौदे करा." एवढं बोलून त्यानं माझा हात सोडला आणि गेला.

लोक हसले. पण शेजारच्या गाडीवरची अंजनगावची एक म्हातारी उठून आली. म्हणाली, "माह्या कापसाचं तुमीच पाहा, भाऊ. मागच्या दलालानं मले बुडवलं." दादा बैल घेऊन परतला, तोवर माझ्यापुढं माणसं खोळंबली होती. भाव सांगणारा तो कोण, हे कुणालाच सांगता आलं नाही. कुणी म्हणे तरुण होता, म्हातारी म्हणे माझ्याच वयाचा. मी वाद घालत नाही. ज्या बोटांनी मागत होतो त्याच बोटांना उत्तर मिळालं, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशी पुष्कळ काळानं मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं आणि रडलो.

मी दलाली करत अमरावतीलाच राहिलो. पुढं एका मुक्या गड्यालाही मी या कामाला लावलं. उपरण्याखाली जीभ लागतेच कुठं?

दुसऱ्या हंगामात दादा कापूस घेऊन आला. माझ्यासमोर बसून त्यानं उपरण्याखाली हात घातला. किती भाव हवा ते तो सांगेल म्हणून मी थांबलो. त्यानं बोट दाबलंच नाही, नुसता हात धरून बसला.

"काहून रे दादा?"

"मी तुले कुठं बसवाले निंगालो होतो रे," तो म्हणाला.

मी त्याचा हात घट्ट धरला. म्हटलं, "दादा, बैल तू हाकलत होता. वाट तिची होती."