हात न टेकता

पोट बिघडलं की लंघन करायचं आणि पडून राहायचं, हे आमच्या पुण्याच्या घरातलं हुकमी औषध. ते मी बंगळुरूला सोबत नेलं. नव्वदीच्या मध्यात तिथल्या एका कंप्युटर कंपनीत नोकरी लागली आणि वर्षभरातच मोठ्या आतड्याच्या सुजेचा, जन्मभर पुरणारा आजार निघाला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी रक्त पडायचं थांबलं. पण मी दीडशहाणा. गोळ्यांच्या जोडीला लंघनही चालू ठेवलं. चार महिने मऊ भात, ताक आणि सुट्टीच्या दिवशी खाट. घरी फोनवर मात्र ‘मजेत आहे.’ आईला कळलं असतं तर ती येऊन मला घेऊनच गेली असती, आणि मला परत जायचं नव्हतं.

मल्लेश्वरममध्ये ज्यांच्या घरात वरची खोली घेऊन राहत होतो त्या बाई मूळच्या बेळगावकडच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला मी पंगतीत बसलो. जेवणं झाली, पंगत उठली, मी उठेना. मांड्यांनी साफ नकार दिला. पुढच्या पंगतीच्या बायका खोळंबलेल्या, आणि मी पानावरचं मीठ बोटाने सारखं करत बसलेला. अक्कांना वाटलं, पोट भरलं नाही.

“लाजतोस काय रे? स्वल्प भात घे की!”

दोनदा वाढून घेतला. दोनदा खाल्ला. शेवटी बसल्या बसल्याच खिडकीकडे सरकलो आणि गज धरून उभा राहिलो. “मुंग्या आल्या पायाला,” म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो. वर खोलीत येऊन रडलो. सव्वीस वर्षांचा होतो मी.

डॉक्टर भडकलेच. उपास कुणी सांगितला होता? सूज स्नायू खाते, या गोळ्याही खातात, आणि त्यात तुम्ही उपाशी! अंडी अक्कांच्या घरात चालणारी नव्हती, म्हणून डाळ, दही, पनीर, सोसेल तितकं. आणि व्यायाम एकच: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं, दहा वेळा. खुर्ची जमली की तिच्याहून बुटकं काहीतरी. मी खुर्चीवरून ट्रंकेवर आलो, ट्रंकेवरून पाटावर. मध्येच पोट बिघडायचं आणि पुन्हा खुर्चीपासून सुरुवात व्हायची. मोठ्याने मोजायचो. दिवसभर ऑफिसात इंग्रजी आणि हिंदी. कित्येक दिवस माझं मराठी एवढंच असे, एक ते दहा.

एका रविवारी सकाळी फरशीवर मांडी घालून बसलो आणि उठलो. हात कुठेही टेकला नाही. खात्री पटेना, म्हणून पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. इतका आनंद झाला की सांगायला माणूस शोधू लागलो. अक्का देवळात गेल्या होत्या. चपला घालून मी थेट कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो.

“काय रे, आज सकाळीच फोन?” आई म्हणाली.

उठता येतं हे सांगायचं, तर येत नव्हतं हे आधी सांगायला हवं होतं. इतक्या महिन्यांचं खोटं एकदम कसं उसवणार?

“सहज केला,” म्हणालो.

“आवाज किती छान लागतोय! मला उगाच काळजी वाटते, एकटा आहेस म्हणून. मानवलं हो तुला तिकडचं.”

मी हो म्हणालो.