तळेऱ्याला वितळलेला बर्फ

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी गावभर ख्याती आहे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची होडी विकायला निघाली — सगळं आधी माझ्याकडून कळतं. पण एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण... जाऊ दे. कारणं द्यायला लागलो की मी लगेच सबबींवर येतो.

दोन हजार सात-आठ साल असेल. मी मालवणात एका सायबर कॅफेत नोकरीला होतो. इंटरनेटवर दोस्त जमवायची एक साईट तेव्हा जोरात होती, एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, पाठवायचे दिवस. तिथे मी आमच्या गावाची कम्युनिटी काढली होती. मुंबईला नोकरी करणारी गावची सगळी पोरं तिच्यात. गावात कॉम्प्युटर एकही नव्हता, पण कम्युनिटीवर सकाळी काही पडलं की संध्याकाळपर्यंत मुंबईहून घरोघरी फोन यायचे. आणि मुंबईहून फोन आला म्हणजे संपलंच — त्यापुढे सरपंचाला कोण विचारतो?

आता क्रिकेटचं सांगायला हवं. हसू नका. शाळेच्या मैदानावर आमची फायनल होती, मी कॅप्टन. आणि त्याच रविवारी शाळेच्या पडवीत सिस्टर गोवराची लस द्यायला येणार होत्या — आरोग्य केंद्रातल्या आमच्या नर्सबाई, त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. इतर दिवशी बायका मासे घेऊन बाजारात, म्हणून बिचारीने मुद्दाम रविवार धरलेला. सरपंच म्हणाले, बायका-पोरांची गर्दी होईल, मॅच पुढे ढकला. पुढे कशी ढकलणार? आमचे दोन खंदे बॅट्समन मुंबईहून दोन दिवसांची रजा काढून येणार होते. मॅचऐवजी लसच आठ दिवस पुढे गेली तर काय बिघडणार होतं? मला खरंच तसं वाटलं. नाही — मी तसं वाटून घेतलं.

मग मी त्या साईटवर खोट्या नावाने 'दादरचे डॉक्टरकाका' जन्माला घातले. कुठून तरी पांढऱ्या कोटातल्या एका टकल्या गृहस्थाचा फोटो उचलला आणि लिहिलं: लसीची गाडी हायवेवर तळेऱ्याच्या नाक्यावर पाच तास बंद पडून होती, पेटीतला बर्फ वितळला, ही लस बाळांना देऊ नये.

तळेरे का? आमच्याकडे ज्याची गाडी बंद पडते त्याची तळेऱ्यालाच पडते. आणि बर्फ का — ते तर तुम्हीच ओळखा. आमचं गाव मासेवाल्यांचं. देव आहे की नाही यावर एखादा वाद घालील, पण बर्फ वितळल्यावर मालाचं काय होतं यावर कोण वाद घालणार? दोन दिवसांत सगळ्या गावाने नाक मुरडलं. रविवारी सिस्टर निळी पेटी घेऊन पडवीत एकट्या बसून होत्या. पेटी उघडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आतला बर्फ दाखवत होत्या. मी त्यांच्यापासून वीस पावलांवर बॅटिंगला उतरलो आणि पहिल्याच चेंडूवर शून्यावर आऊट झालो. मॅचही हरलो.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पुढच्या खेपेला सिस्टर नवी लस घेऊन आल्या. तर माझी आईच त्यांना म्हणाली, "बाय गो, बर्फ परत घातल्यार नासलेलो मासो ताजो जाता काय?" चाळीस वर्षं मासे विकलेल्या बाईचा शब्द तो; बाकीच्या बायकाही पोरं घेऊन माघारी वळल्या.

मी घाबरलो. डॉक्टरकाकांच्या नावाने लिहिलं, नवी लस उत्तम आहे, जरूर घ्या. पोरांनी ठरवलं, काकांना सरकारने दमात घेतलं. काकांचा मान आणखी वाढला. कुणी त्यांना गुडघेदुखीवर औषध विचारलं, एकाने तर त्यांच्या मुलासाठी स्थळ पाठवलं. देवळात देवाला गाऱ्हाणं घातलं तेव्हाही गावकार, म्हणजे गावातर्फे देवाशी बोलणारे मानकरी, म्हणाले, "ती तळेऱ्याची वायट लस आमच्या पोरांका बाधू नये रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" मीही ओरडलो. जरा जास्तच मोठ्याने.

तेवढं हसून झालं असेल तर आता ऐका.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी मिताली तेव्हा नऊ महिन्यांची. भाऊ ट्रॉलरवर, घरी वैनी. मी वैनीला आडून-आडून म्हटलं, टोचून घे, काही होत नाही. ती म्हणाली, "तू काय डॉक्टर आसंस? माज्या चेडवाक मी टोचूक दिवचंय नाय." त्या क्षणी चार शब्द पुरले असते — तो डॉक्टर मीच आहे. तोंड उघडलंही होतं. मग मी म्हटलं, "बरं, तुझी मर्जी," आणि चहा मागितला.

पावसाळ्याआधी मितालीला गोवर आला. अंगभर पुरळ, ताप उतरेना, मग डावा कान वाहायला लागला. सिस्टरच धावत आल्या, त्यांनीच गाडी बघून तिला कुडाळच्या हॉस्पिटलात नेलं. पोर वाचली. वैनीने सिस्टरचे पाय धरले, आणि मी त्या दोघींच्या मागे पिशवी धरून उभा होतो. त्या आठवड्यात मी डॉक्टरकाकांना पुसून टाकलं. पोरांना वाटलं काका वारले. त्यांनी श्रद्धांजली लिहिली.

मिताली आता पाचवीत आहे. डाव्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसते, कविता झकास म्हणते. मागून हाक मारली तर वळत नाही, म्हणून पोरं तिला शिष्ट म्हणतात. ती रडत घरी आली की वैनी तिला जवळ घेते आणि म्हणते, "माजीच चूक गो बाय. सिस्टर दारात इली होती, मीच नको म्हटलंय."

दहा वर्षं होत आली, वैनी हे म्हणते आहे. मी तिथेच असतो. बहुतेक वेळा जेवत असतो. मान खाली घालतो आणि जेवत राहतो.