नदीकाठच्या खोल्यांपुढचा धूर

जवळ सरक वं पोरी. फोन कानाले लावला म्हणजे जवळ आली असं होते का? परवा तू मलेच सांगून राहिली होती, "मोठीआई, आपल्या गावाची लोकसंख्या मोबाईलवर पाहिली." मले हसूही आलं आणि रागही आला. जिथं तुझी नाळ पुरली त्या गावात माणसं किती, हे तू मोबाईलले विचारते, आणि तुझी मोठीआई इथं नदीकाठी जिवंत बसली आहे! आणि त्या आकड्यात तू कुठं आहे, सांग बरं. इथं तुझ्या घराले कुलूप. तिकडे शहराच्या कडेले वाडीत, गोदामांच्या मागं, भाड्याची खोली. तुले कोणी मोजलं?

आपलं गाव धुरावरून माणसं मोजत होतं.

सप्ताह संपून काला झाला की गावजेवण, हे तुले माहीत आहे. त्याचं आवतण चुलबंद असे. म्हणजे त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल पेटवायची नाही, पाळण्यातल्यापासून काठी टेकणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी पंगतीले यायचं. पत्रावळी मांडल्या की एखादं जुनं माणूस देवळामागच्या उंच दरडीवर चढे. तिथून नदी दिसते आणि सारं गाव दिसते. कुठं धूर दिसला तं पंगत थांबे. आवतणाचं काम ज्याच्याकडे, त्यानं त्या दारी जायचं, आपल्या हातानं चुलीत पाणी टाकायचं आणि हात जोडून माणसं घेऊन यायची. मी नवी नवरी होती तेव्हा एका घरातून धूर निघाला, तं अर्धी पंगत उठून तिकडे गेली, की बाप्पा, चुकलं आमचं, रुसू नका. आत बाळंतिणीचं पाणी तापत होतं! एवढी माणसं दारात पाहून ती बिचारी रडायलेच लागली.

त्याच दरडीवर उभं करून सासूबाईंनी मले गाव समजावलं. सगळ्यात आधी इथं मासे धरणारे ढिवर. मंग लुगडी विणणारे कोष्टी आले. आपण तं मागून आलो. पलीकडच्या काठचं आपलं गाव पुरात गेलं, आणि बैलं, भांडी, बियाण्याची पोती घेऊन आपले लोक इकडे उतरले. त्या वर्षीच्या काल्याले त्यांच्या झोपड्यांतून धूर निघाला. एक म्हातारा ढिवर पंगतीतून उठून आला, चुलीत लोटाभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "चला." तेव्हापासून आपण या गावचे.

आता घरोघरी गॅस आला. धूर नाही, म्हणून दरडीवर कोणी चढत नाही. वीज कारखान्याच्या कामावर आलेली माणसं नदीकाठच्या खोल्यांत भाड्यानं राहतात. औंदा आवतणाचं काम तुझ्या लहान काकाकडे होतं. त्यांनी ठरवलं, भाडेकऱ्यांले बोलवायचं नाही.

"वहिनी, ते आज इथं, उद्या तिथं. त्यांचं कुठलं गाव?"

"भाऊजी, तुमचे आजोबा बैलाचं शेपूट धरून नदीतून आले होते."

"तुमचं तं काहीतरीच असते," म्हणून ते हसले आणि आचाऱ्याकडे गेले.

काल्याच्या दिवशी सकाळी मी त्या खोल्यांकडे गेली. एका खोलीत छत्तीसगडची बाई राहते. कडेवर लेकरू घेऊन आलू चिरत होती. भोंग्यावर सारखं चालू, समस्त गावकऱ्यांनी प्रसादाले यावं. मी म्हटलं, "तू सयपाक काहून करून राहिली?"

ती हसून म्हणाली, "अम्मा, बुलावा तो गाँववालों का है ना."

पोरी, हेच तू मले गणपतीत सांगितलं होतं. वाडीत तुमच्या गल्लीत जेवण होतं आणि तुम्ही खोलीचं दार लावून खिचडी खाल्ली. त्या बाईच्या तोंडून मले तुझाच आवाज आला. मंग मी कोणाले काही विचारलं नाही.

घरी गेली, अंगणातली मातीची चूल उचलली, तिच्या दारापुढे आणून मांडली. दवानं ओल्या झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या घातल्या, वरून अर्धवट वाळलेली गोवरी. बाई घाबरून म्हणे, "अम्मा, गैस है ना!" मी म्हटलं, "तुझ्या गॅसचा धूर दिसत नाही वं."

असा धूर उठला की काय सांगू. तिकडे पंगत बसली होती. जुन्या लोकांनी धूर पाहिला आणि हात मागं घेतले. भोंगा बंद पडला. थोड्या वेळानं तुझे काका धापा टाकत आले.

"वहिनी, आग लागली का?"

"सयपाक आहे. ज्यांले आवतण नाही त्यांचा."

"तुमच्या घरी तं मी सोता आलो होतो!"

"आले होते. या दारी कोण आलं?"

"अख्खं गाव हात आवरून बसलं आहे. भात थंडा होऊन राहिला."

"मंग उशीर काहून करता?"

डोळ्यांतून पाणी गळत होतं त्यांच्या, धुरानं. मी चुलीपुढून हलली नाही. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवटी म्हणाले, "पाणी द्या." बाईनं प्लास्टिकचा मग आणला. त्यांनी चुलीत ओतला, सर्रर्र आवाज झाला, आणि हात जोडले. "चलो बाई. आज चूल बंद." ती आत गेली आणि गॅसचं बटन बंद करून आली. मंग ओळीनं सगळ्या खोल्यांची दारं त्यांनीच वाजवली.

लोक बोललेच. भाजी कमी पडली, बुंदी पुरली नाही, बुढीले काम नाही. वाढता वाढता काका माझ्या पत्रावळीशी थांबले. "पुढच्या साली तुमची चूलच लपवून ठेवतो."

"लपवा. नदीकाठी माती काही कमी नाही."

पुढच्या वर्षी ते काय करतील, मले ठाऊक नाही. मी दुसरी चूल थापली आहे, उन्हात वाळून राहिली.

आणि ऐक. तुझ्या घराचं आवतण मी मागून घेतलं. काका म्हणे, बंद घराले कशाले? मी म्हटलं, किल्ली माझ्याजवळ आहे, माणूस वाडीत आहे, घर बंद कसं? अंगण झाडून ठेवलं. जावयाले सुटी मिळेल त्या रविवारी या. चहा तुझ्याच चुलीवर ठेवू, दरडीवरून दिसला पाहिजे असा धूर करू. लवकर ये वं.