गुरूचं नाव

राळेचा वास आला की जर्मनीतल्या एर्लांगेनमधला चर्चचा तो हॉल आठवतो. २०१५ साली मी तिथे शिकत होतो आणि घरमालकीणबाई मला उत्तर युरोपातल्या जुन्या तंतुवाद्यांच्या मेळाव्याला घेऊन गेल्या होत्या. सगळे गोल बसले होते, बरेच जण गजांना राळ घासत होते आणि वाजवण्याआधी प्रत्येक जण आपल्या गुरूचं नाव सांगत होता. शेजारच्या आजींनी त्यांचं पाच तारांचं, बोटांनी छेडायचं फिनिश वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं, आणि माझं बोट एकाच तारेवर गोंधळाचा ठेका धरू लागलं. "अरे वा, हे कुणी शिकवलं तुला?" आजी आनंदाने म्हणाल्या. अप्पा, माझे वडील, लग्नघरी गोंधळात तुणतुणं वाजवतात, हे मी कॉलेजातही कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "कुणी नाही, इंटरनेटवर बघून." रविवारी फोनवर मेळाव्याचं ऐकून अप्पा हरखले. "आपल्या घरातपण वाजवतात, सांगितलंस ना रे त्यांना?" "हो अप्पा." "मग? काय म्हणाले?" "खूश झाले." आता गावात कुणीही भेटलं की ते सांगतात, जर्मनीत आपलं नाव निघालं होतं. मी शेजारी उभा असतो आणि मान हलवतो.