मागून न घेतलेलं माप

माझ्या धाकट्या भावाचे डोळे चांगले आहेत. सहा वर्षांपूर्वीही चांगलेच होते. एवढी दोन वाक्यं बोलायला मला सहा वर्षं लागली, कारण त्यांना जोडून तिसरं वाक्य आपोआप येतं आणि ते माझ्याबद्दल आहे. आता एकाहत्तरी उलटली. गुडघे गेले, दात गेले, लाजही जवळजवळ गेलीच म्हणायची. तेव्हा सांगून टाकतो.

धनराजची एटापल्लीच्या रस्त्यावर टोचनगाडी आहे. म्हणजे बंद पडलेली किंवा चिखलात रुतलेली गाडी हुकाला लावून ओढून आणायची. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर जेवढ्या गाड्या चालतात त्याहून जास्त रुततात, त्यामुळे त्याला काम भरपूर. त्याच्या जुन्या गाडीला मागं प्रत्येक बाजूला एकेकच टायर होता. जड गाडी हुकाला लटकली की मागचे टायर बसायचे, पुढची चाकं जमीन सोडायची आणि धनराज स्टेअरिंग धरून आभाळाकडं पाहत घरी यायचा. एका पावसाळ्यात तीन टायर फुटले. चौथ्या वेळी त्यानं ठरवलं, आता डबल टायरचीच घ्यायची. मागं दोन्ही बाजूंना दोन-दोन, एकूण सहा चाकं.

निवृत्तीनंतर काही वर्षं ऊर्जानगरलाच काढून मी तेव्हा नुकताच गावी आलो होतो. वीज केंद्राच्या भांडारात मी बत्तीस वर्षं पाइप, केबल आणि ताडपत्र्या मोजल्या. गावात येताना सोबत एक स्टीलचा टेप आणला आणि 'मापाचा माणूस' अशी कीर्तीही आणली. (कीर्ती मीच पसरवली.) पलंग दारातून जाईल का, टाकी छपरावर मावेल का, लोक मला विचारायचे. मी टेप सर्रकन ओढायचो, खटकन सोडायचो आणि निकाल द्यायचो. त्या खटकन आवाजाला फार मान होता!

आमच्या अंगणाला फाटक होतं बांबूचं. मी जाहीर केलं, नवी गाडी येते आहे, तर सिमेंटचे दोन खांब घालू. धनराज म्हणाला, "दादा, जरा मोकळी ठेवजा बरं जागा. डबल टायर हाये."

"बत्तीस वर्षं काय गवत मोजून राह्यलो होतो का मी?"

"तसं नाई म्हणत मी."

"मंग गाडी आण. माप घेतो."

गाडी आली. आमच्या घरी लिंबू-नारळाची पद्धत नाही. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. गाडी रस्त्यावर, तोंड घराकडं करून उभी. माझ्या एका हातात खिरीची वाटी, दुसऱ्या हातात टेप, अंगावर पांढरी पँट. गाडीच्या पुढं सारवलेलं, स्वच्छ. गाडीच्या मागं चिखल आणि शेजाऱ्याच्या म्हशीनं नुकतंच केलेलं स्वागत. मी तिकडं पाहिलं, मग गुडघ्यांकडं पाहिलं आणि विचार केला: गाडी म्हणजे गाडी. पुढं जेवढी, मागं तेवढीच असणार. बैलबंडी पुढं अरुंद अन् मागं रुंद कोणी पाहिली आहे का?

पुढच्या दोन चाकांचं माप घेतलं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जादा धरली. टेप खटकन सोडला.

खांब झाले. छातीइतके उंच, आत चार सळया. मी हुकूम सोडला, एकवीस दिवस पाणी मारायचं, तोवर गाडी आत आणायची नाही. त्यामुळे माझी चूक एकवीस दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पाणी पिऊन पक्की होत राहिली!

बाविसाव्या दिवशी सकाळी धनराजला फोन आला. गडचिरोलीहून डोळे तपासणीच्या शिबिरासाठी निघालेली एक व्हॅन नाल्याजवळ बंद पडली होती. आत डॉक्टर, एक नर्स आणि भिंतीवर लावायचा अक्षरांचा तक्ता. धनराजनं व्हॅन हुकाला लावली आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमच्या अंगणात चला. चहा घ्या, तोवर मेकॅनिक बलावतो."

आणि तो आला. मी फाटकाशी उभा राहून दोन्ही हातांनी 'ये, ये' करत होतो. ड्रायव्हरची केबिन सुळकन आत गेली. दोन्ही बाजूंना बरोबर चार-चार बोटं! मी अभिमानानं धनराजच्या बायकोकडं, कुंदाकडं पाहिलं. तेवढ्यात 'घर्रर्र' आणि मग 'फस्स' असा आवाज आला. मागचे बाहेरचे दोन्ही टायर खांबांमध्ये असे घुसले, जसा मी हल्ली माझ्या लग्नातल्या सदऱ्यात घुसतो. गाडी पुढं जाईना, मागं येईना. मागं व्हॅन अर्धी लटकलेली, आणि तिच्यात डॉक्टर तिरपे बसलेले.

"धक्का मारा!" मी ओरडलो. धक्का मारला. गाडी आणखी दोन बोटं आत गेली, म्हणजे आणखी अडकली.

"बाहेरचे टायर काढून टाकू," धनराज म्हणाला. "एकेका टायरवर निघन ते." उपाय सोळा आणे बरोबर होता. पण नट खोलायचे तर पाना लावायला जागा हवी, आणि नटांच्या समोर, टेकून, माझा खांब उभा!

आता आमच्या अंगणाला दुसरं दार नाही. घरातली माणसं आत, गाव बाहेर. शिबिराची व्हॅन इथं अडकली हे कळताच शिबिराचे पेशंटच इथं यायला लागले. म्हाताऱ्या बायका टोचनगाडीच्या मागून चढून, हुक ओलांडून, पुढून अंगणात उतरायला लागल्या. डॉक्टरही उतरले आणि म्हणाले, "आता इथंच तपासतो." तक्ता आमच्या गोठ्याच्या भिंतीवर लागला.

खांब फोडायला घण आणला. आणि इथं मला कबूल केलं पाहिजे की खांब फार उत्तम झाले होते. दोघं जण तीन तास घण मारत होते. "काय पक्कं काम हाये बाप्पा!" एक जण घाम पुसत म्हणाला. एरवी मी खूश झालो असतो.

त्या ठणठणाटात धनराज माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "दादा, माप घेतलं होतं न?"

"घेतलं होतं."

"मागून?"

आजूबाजूला अर्धं गाव होतं. घणही नेमका तेवढ्यात थांबला होता. मी म्हणालो, "पुढून अन् मागून, दोन्हीकडून!"

धनराज परत टायरांकडं गेला. कुंदा मात्र बोलली. "मंग भाऊजी, असं काऊन झालं?"

"गाडी तिरपी घातली त्यानं. त्याले नीट दिसून नाई राह्यलं, मले आधीपासूनच शंका होती."

खरं सांगतो, मला कसलीही शंका नव्हती. पण समोर डोळ्यांचा डॉक्टर नुकताच पेशंट संपवून रिकामा बसलेला आणि भिंतीवर तक्ता टांगलेला. अशी सोय खोटं बोलणाऱ्याला जन्मात एकदाच मिळते! धनराजला स्टुलावर बसवलं. डॉक्टरांनी बॅटरी मारली. "काका, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची थोडीशी सुरुवात आहे. या वयात बहुतेकांना असते. काळजी नाही."

'काळजी नाही' हे शब्द फक्त डॉक्टरांनी आणि मी ऐकले. बाकी सगळ्यांनी 'मोतीबिंदू' ऐकला. कुंदानं तिथल्या तिथं गाडीची चावी काढून घेतली.

झालं. पगारी ड्रायव्हर ठेवला. पुढं रीतसर ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तरी चावी परत आली नाही. ज्या माणसानं पंचवीस वर्षं अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्या चिखलातून ओढल्या, तो आपल्याच गाडीत बाजूला बसायला लागला. त्याचं काम काय, तर जोडटायरांच्या फटीत दगड अडकतात ते सळईनं काढायचे. रोज संध्याकाळी तो वाकून दगड काढायचा आणि मी ओसरीवर चहा प्यायचो. सहा वर्षं मला तो चहा गोड लागला नाही. (साखर बंद होती हे एक कारण. दुसरं वर सांगितलं.)

गेल्या महिन्यात कुंदा म्हणाली, "गाडी इकून टाकू. तसंही ह्यांले चालवता येत नाई." धनराज जेवत होता. "इकायच्या आधी एकदा चालवू दे न," तो म्हणाला. लहान पोरासारखा. साठी उलटलेला माणूस!

मी ताट बाजूला सारलं. म्हणालो, "कुंदा, चूक माही होती. माप मी पुढूनच घेतलं. मागं शेण होतं."

मग कुंदाचे डोळे भरून आले. "भाऊजी, किती मोठं मन हाये तुमचं! भावासाठी आपल्या अंगावर घेऊन राह्यले!"

"अवं, खरंच सांगतो!"

"असा भासरा मिळायले नशीब लागते," म्हणत ती नवऱ्याच्या मोठ्या भावाचं कौतुक शेजारणीला सांगायला गेली. संध्याकाळपर्यंत गावात माझा मान दुप्पट झाला. दोन जण पाया पडून गेले! सहा वर्षांपूर्वी खोटं बोललो तर एका दमात पटलं. आता खरं बोलतो तर त्याग ठरतो.

शेवटी दुसऱ्या दिवशी कुंदाला, ड्रायव्हरला आणि त्या शेजारणीला गाडीजवळ उभं केलं. पुढून मोजलं. मग आयुष्यात पहिल्यांदा मागं गेलो, चिखलात गुडघा टेकला, कण्हलो आणि मागून मोजलं. दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. एक वीतभर फरक! शेजारीण म्हणाली, "अगं बाई!" कुंदानं कमरेची चावी काढली, धनराजच्या हातात ठेवली आणि माझ्याकडं न पाहता घरात गेली.

धनराज चावी घेऊन गाडीत चढला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाला, "बसा दादा, बाजूले."

तेव्हापासून मी रोज त्याच्यासोबत जातो. अरुंद पूल आला की तो गाडी थांबवतो. "उतरा." मी उतरतो, गुडघे धरत मागं जातो, दोन्ही बाजूंचे टायर नीट पाहतो आणि ओरडतो, "बसते!"

"मागून पाह्यलं का?"

"मागूनच पाह्यलं!"

मग धनराज इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि स्वतः मागं येऊन पाहतो.