चौथा वाटा विहिरीचा

१३ एप्रिल, रविवार, सकाळी साडेनऊ. स्थळ: मळ्यातली पॅकिंगची शेड. हजर: सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, आमचे हे, धाकटे दीर, आमची मुलगी आणि मी. एकूण सात. गैरहजर: धाकटी जाऊ, माहेरी लग्न असल्यामुळे. चहा दोनदा झाला.

एवढं मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी वीस वर्षं हिशेब बघते, आणि घरी आल्यावरही हात थांबत नाही. किराणा, गॅस, गाईंची औषधं, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, सगळं वहीत असतं. घरात त्यावरून माझी चेष्टा होते. आणि पाहुण्यांकडे जायच्या आधी, मागच्या वेळी त्यांनी आपल्याला काय दिलं होतं, हे विचारायला सगळे माझ्याकडेच येतात.

त्या रविवारी दोन विषय होते. पहिला, द्राक्षाचा हंगाम संपल्यावर दरवर्षी होतं ते वाटप. दुसरा, बोअर. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, बोअर घ्यायचं पक्कंच केलं होतं. पाणाड्या येऊन गेला होता. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ विहिरीपासून वीस पावलांवर ताठ उभा राहिला, आणि तिथे दादांनी चुना फासलेला दगड ठेवून दिला. गुरुवारी बोअरची गाडी येणार होती.

मला ती बोअर नको होती. आमची तिन्ही घरं, बाग आणि दोन गाई त्या एका विहिरीवर आहेत. शेजारच्या मळ्यात विहिरीला खेटूनच बोअर घेतली. पहिल्या वर्षी पाणी इतकं, की लोक बघायला यायचे. तिसऱ्या वर्षी कोरड्या विहिरीत पारवे राहायला आले आणि बोअर नुसती हवा फेकायला लागली. आमच्या विहिरीत पारवे येऊ नयेत, एवढंच मला हवं होतं. पण नुसतं मला वाटून आमच्या शेडमध्ये काही होत नाही.

हे मला आदल्या वर्षीच कळलं होतं. तेव्हा आमच्या ऑफिसात परदेशातल्या एका खरेदीदाराचा फॉर्म आला. द्राक्षाच्या एका खोक्यामागे पाणी किती, प्लास्टिक किती, डिझेल किती, असं विचारलं होतं, आणि शेवटी, या सगळ्याची किंमत तुमच्या हिशेबात कुठे दिसते? मी वीस वर्षं खोक्याचा खर्च काढत होते. पुठ्ठा, कागद, मजुरी, औषधं, भाडं, सगळं होतं. पाण्याच्या समोर मोटारीचं वीजबिल होतं. म्हणजे पाणी वर आणायचा खर्च होता, पाणी नव्हतंच. विहिरीतून काढलं ते फुकट, ओढ्यात सोडलं तेही फुकट. दुपारचा डबा तसाच राहिला आणि मी नवे रकाने आखत बसले. खरं सांगते, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

घरी येऊन मी तेवीस बाबींची यादी केली. विहीर, ओढा, मातीचा कस, मधमाश्या, गांडुळं, चिमण्या, बांधावरचे कडुनिंब, फवारणीच्या दिवशीची हवा. ती वाटपाच्या दिवशी उभी राहून वाचली. सहा बाबी सगळ्यांनी ऐकून घेतल्या. मग दादांनी विचारलं, "मुनीमबाई, चिमण्यांचा पगार महिन्याला धरला का आठवड्याला?" झालं. उरलेल्या सतरा बाबी हसण्यात वाहून गेल्या. मीही हसले, कारण यादी खरंच लांब होती. रात्री वहीत लिहिलं: पुढच्या वर्षी एकच बाब. जिची पावती आहे तेवढंच बोलायचं.

तर या वर्षी एकच बाब, विहीर. आणि पावत्या होत्या.

"पाणी काय आपण इकत घेतो का?" दादांनी सुरुवातच तिथून केली.

"मागच्या मेमध्ये घेतलं, दादा. अकरा टँकर." मी फाईल पुढे सरकवली.

"त्या साली ऊनच लय व्हतं."

"म्हणूनच पाण्याचा भाव कळला. आता हंगामभर विहिरीनं जेवढं दिलं, ते याच भावानं मोजा. खोक्यामागे पाण्याचे पैसे पुठ्ठ्याच्या कितीतरी पट होतात. पुठ्ठा आपण मोजतो, चिकटपट्टी मोजतो, आणि हे शून्य धरतो."

दादांनी मोबाईल काढला. त्यांनी स्वतः गुणाकार केला, मग पुसून परत केला, मग धाकट्या भावाकडे दिला. भाऊजींनी आकडा बघून शीळ घातली. "म्हंजे वहिनी, आपण नफ्यात नाय?"

"आहोत ना. विहिरीचं घेऊन आहोत."

आमची मुलगी नाशिकला कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. ती क्रेटवर बसून शेंगा खात होती. ती म्हणाली, "काका, देशाचंही असंच चालतं. आपण टँकर मागवला की टँकरवाल्याची कमाई देशाच्या उत्पन्नात धरतात. विहीर आटली ते त्या मोठ्या आकड्यातून वजा होत नाही. आता त्याचे वेगळे तक्ते करायला लागलेत, पण ते बाजूला."

"मंग मागच्या मेमधी आपण देशाची लय सेवा केली," भाऊजी म्हणाले. "अकरा टँकर! अन् सत्कार कुठं हाय?"

सगळे हसले. दादाही हसले, पण लगेच थांबले. "ते समदं खरं. पण माझी बाग त्या मेमधी वाळायला टेकली व्हती. रातभर मोटारीजवळ बसून व्हतो मी. आता पुन्हा तसं झालं तर वही पिळून पाणी घालू का?"

हा प्रश्न खरा होता. चेष्टेच्या नादात दादांनी तो कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बोअरच्या निम्म्या पैशात विहिरीचा गाळ निघतो. उरलेल्यातून ओढ्याकाठी दगड-वाळूचा खड्डा करू. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी त्यातून गाळून विहिरीत सोडायचं. एक वर्ष द्या. पुढच्या मेमध्ये टँकर लागला, तर बोअर घ्या. तिचा निम्मा खर्च माझ्या पगारातून."

आमचे हे खोकले. हे आम्ही घरी बोललो नव्हतो.

"वहीत लिही," दादा म्हणाले.

"लिहिलंय."

सासूबाई इतका वेळ सुतळीची गुंडाळी करत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ही विहीर खांदली तवा मी नवी नवरी व्हते. डोईवर माती वाहून केस गेले माझे. त्याची मजुरी कुठं लिव्हली हाय का, ते बी बघ गं."

मी सासऱ्यांची जुनी वही काढून खरंच पाहिलं. पाथरवटाचे पैसे होते, सुरुंगाच्या दारूचे होते, गुळाचे होते. सासूबाईंची मजुरी नव्हती, आणि विहिरीचीही नव्हती.

"मग तिलाही वाटा देऊ," मी म्हटलं. "विहिरीला."

वाटपाची आमची पद्धत सासऱ्यांच्या काळापासूनची आहे. हंगाम संपल्यावर शेडमध्ये जे उरतं, म्हणजे क्रेट, कात्र्या, सुतळी, खोकी, ताडपत्र्या, त्याचे तीन ढीग करायचे. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसतात. एकजण ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" त्या न बघता सांगतात, थोरल्याचा, मधल्याचा, धाकट्याचा. मग कुणी कुरकूर करायची नाही. त्या दिवशी मी आणि मुलीनं चार ढीग केले. पहिल्या ढिगात नवी हिरवी ताडपत्री होती. ती दादांनाही हवी होती आणि भाऊजींनाही. दोघं तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

ह्यांनी तिच्यावर हात ठेवला. "हा कुणाचा?"

"विहिरीचा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू वळून पाह्यलंस!" दादा ओरडले.

"मला काय पाठीला डोळे हायेत?"

"अहो पण विहीर ताडपत्रीचं करणार काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"भाड्यानं देईल," मी म्हटलं आणि भाव ठरवून टाकला. दादांनी त्याच दुपारी ती भाड्यानं नेली. बिस्किटांचा एक रिकामा डबा विहिरीची तिजोरी झाला. चाव्या जाऊबाईंकडे असतात, म्हणून तोही त्यांच्याकडे गेला. गुरुवारच्या गाडीला दादांनी फोन करून सांगितलं, "वरीसभर थांबा. आमच्याकडं मुनीमबाईची परीक्षा चालू हाय."

मे महिन्यात यारी, म्हणजे विहिरीवरची क्रेन, लावून गाळ काढला. चार दिवस लोखंडी टोपली खाली-वर होत होती, आणि काठावर आम्ही सगळे लग्नाला आल्यासारखे जमायचो. गाळात काय निघालं त्याची यादी मी केली: पितळी कळशी एक, बादल्या पाच, पैकी तीन आमच्याच. चेंडू नऊ. छाटणीची कात्री एक. आणि मोठा पाना एक. हा पाना भाऊजींनी हरवला म्हणून दादा त्यांना पंधरा वर्षं बोलत होते. पाना वर आला तेव्हा दादांना आठवलं, मोटार बसवताना तो त्यांच्याच हातून सुटला होता. भाऊजींनी तो धुतला, हळद-कुंकू लावलं आणि दादांच्या दारात टांगला. अजून तिथेच आहे. गाळ आम्ही तिन्ही बागांत टाकला. भाऊजींनी मला बजावलं, "वहिनी, हा विहिरीच्या नावावर जमा धर. खत हाय ते." मी अजून बोललेही नव्हते. मला फार बरं वाटलं.

खड्डा जूनमध्ये झाला. ओढ्याला पाणी आलं तेव्हा ते वाळूतून गाळून, स्वच्छ होऊन, पाइपातून विहिरीत पडायला लागलं. सासूबाई पहिले दोन दिवस तिथून उठल्या नाहीत. त्यांचं जेवण तिकडेच न्यावं लागलं.

चूक झाली ती दिवाळीत. पाडव्याच्या दिवशी जाऊबाईंनी आम्हाला प्रत्येकी एक पाकीट दिलं. मी आनंदानं घेतलं, आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "ताई, कशाचे हो हे?"

"डब्यातले. ताडपत्रीचं भाडं. तीन वाटे केले ना बरोब्बर."

"अहो, ते विहिरीचे होते!"

त्यांनी कपाळावर हात मारला. आमच्या घरात डब्यात जे साठतं त्याचे तीन वाटे होतात. हात तसे वळलेले आहेत. विहिरीचे पैसे विहिरीच्या नावानं जमा झाले आणि दिवाळीला आम्हीच वाटून खाल्ले. मी पाकिटं परत गोळा केली. दोन पूर्ण आली. तिसऱ्यातून धाकट्या जाऊनं मिक्सरचं भांडं आणलं होतं. ते मी उधार म्हणून विहिरीच्या पानावर लिहिलं, आणि ती दर रविवारी थोडं थोडं फेडते. डब्यावर आता सासूबाईंनी दोरा बांधला आहे.

पाण्याची मापं मी सुरुवातीला घेत होते. एका दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारून दर सोमवारी सोडायची आणि किती गाठी भिजल्या ते लिहायचं. दिवाळीनंतर एका सोमवारी मी गेले तर दोरी ओली होती. दादा आधीच मोजून गेले होते. आता ते रोज मोजतात. संध्याकाळी फोन येतो, "मुनीमबाई, लिही. कालच्यापेक्षा अर्धी गाठ कमी. बागेला पाणी दिलं म्हणून. घाबरू नको." त्यांच्या आवाजावरून घाबरलेलं कोण ते मला कळतं.

परवा मी विचारलं, "दादा, मागच्या वर्षी या वेळी किती होतं?"

"मागल्या साली कुणी मोजलं व्हतं?" ते म्हणाले, आणि मग, "मोजाया पायजे व्हतं."

मे अजून यायचा आहे. टँकर लागला तर बोअरचा निम्मा खर्च माझा, ते वहीत आहे आणि दादांच्या डोक्यातही. म्हणून विहिरीच्या पानावरची सगळी कामं मी वेळेत उरकते. गाळ: झालं. खड्डा: झालं. खड्ड्यातली वाळू बदलणे: झालं. पारवे येऊ नयेत म्हणून जाळी: झालं. ताडपत्रीचं भाडं, डिसेंबरपर्यंत: मिळालं.

एकच राहिलं आहे. पाणाड्याच्या जागेवरचा चुन्याचा दगड अजून तिथेच आहे. मी तीनदा सांगितलं. दादा म्हणतात, मे जाऊ दे. तोवर मोजायच्या आधी ते त्याच दगडावर टेकतात, दोरी मांडीवर घेतात, गाठी चाचपतात आणि मग विहिरीकडे जातात. त्यांच्या बसण्यानं दगडाचा चुना वरून निम्मा उडाला आहे.

दगड उचलणे, दादांनी स्वतः: बाकी.